दोष कोठें आहे?

जगांत सर्वांत स्वस्त अशी एखादी वस्तु असेल तर ती दोषारोप ही होय. ती उत्पन्न करण्यास भांडवल लागत नाहीं, हत्यारें लागत नाहींत, श्रम तर मुळींच लागत नाहींत; आणि तिचा खप मात्र घरोघर आणि कचेरीकचेरींत अहोरात्र चालू असतो. कांहीं बिघडलें कीं तें कोणी बिघडविलें, हा प्रश्न आपल्या तोंडीं प्रथम येतो. तें कसें बिघडलें, हा प्रश्न मागाहून येतो आणि पुष्कळदां येतच नाहीं. या दोन प्रश्नांच्या क्रमांत नीतीचा केवढा मोठा प्रश्न दडलेला आहे, हें आम्हांस अलीकडे एका अगदीं क्षुल्लक प्रसंगानें उमगलें. तो प्रसंग आणि त्यावरून सुचलेले विचार वाचकांपुढें मांडावे, असा आज हेतु आहे.

गेल्या फाल्गुनांत आम्ही नागझिऱ्याच्या बाजूस गेलों होतों. गोंदिया जिल्ह्यांतील हें अरण्य मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकानें तें, ज्यांनीं तेथें कधीं पाऊल टाकलें नाहीं, त्यांच्याहि ओळखीचें करून ठेविलें आहे. १९७० सालीं तें अभयारण्य झालें आणि २०१३ सालीं नवेगांवच्या वनासह व्याघ्र-प्रकल्पांत समाविष्ट झालें. या अरण्याच्या कडेच्या एका खेड्यांत आमचे एक जुने स्नेही, शाळेंतून निवृत्त झाल्यावर, येऊन राहिले आहेत. त्यांस पांखरांचा नाद. कोणत्या दिवशीं कोणतें पांखरूं कोणत्या झाडावर दिसलें, याचीं टिपणें ते कित्येक वर्षें आपल्या टेबलावरच्या संगणकांत नोंदीत आले आहेत. त्यांच्या घरीं आम्ही चार दिवस होतों.

पहिल्याच सायंकाळीं टिपणें दाखविण्यासाठीं त्यांनीं संगणक सुरू केला, तों पडदा थरथरूं लागला. वाऱ्यानें समईची ज्योत हलावी तसा त्याचा उजेड कमीजास्त होई, आणि डाव्या हाताचा खालचा कोपरा तर ग्रहण लागल्यासारखा काळसर-तांबूस दिसे. घटकाभरानें थरथर पुष्कळशी थांबली. कोपरा मात्र तसाच राहिला. "दिवाळीपासून हें असेंच चाललें आहे," स्नेही म्हणाले; आणि जरा थांबून म्हणाले, "त्या पोरानें वाट लावली."

तें पोर म्हणजे जवळच्या टोल्यावरचा एक बारातेरा वर्षांचा गोंड मुलगा. त्याचे आईबाप मोहाच्या दिवसांत मोहफुलें वेंचतात, पुढें तेंदूची पानें तोडतात आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या धानांत राबतात. पांखरांचे आवाज त्यास जन्मापासून ठाऊक. आरंभीं त्यानें सांगावें आणि स्नेह्यांनीं लिहावें, असा क्रम होता. पुढें तो स्वतःच संगणकापुढें बसून टिपणें लिहूं लागला. दिवाळीच्या झाडलोटींत त्यानें ओल्या फडक्यानें पडदा पुसला. आठ दिवसांनीं पडदा थरथरूं लागला. स्नेह्यांनीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "म्या काई नाई केलो, गुरुजी." स्नेह्यांनीं त्यास मारलें नाहीं, वाईट शब्दहि उच्चारला नाहीं, एवढेंच सांगितलें कीं, "आतां तूं यावर बसूं नको." दुसऱ्या दिवसापासून मुलगा त्या घरीं आला नाहीं.

घरांत या बिघाडाविषयीं एकमत मात्र नव्हतें. वहिनींचें म्हणणें, सायंकाळीं शेतांवरचे पंप सुरू झाले कीं विजेचा जोर कमी होतो, त्याचा हा परिणाम. पुण्यास असलेल्या त्यांच्या चिरंजिवांनीं फोनवरून निकाल दिला होता कीं, वस्तु जुनी झाली, टाकून द्या आणि नवी घ्या. आम्हांस प्रथम संशय आला तो आमच्याच डोळ्यांचा. कारण वर्षापूर्वींच आमच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली आहे. मुलगा, वीज, म्हातारपण आणि डोळे! अपराध एक आणि आरोपी चार! त्यांपैकीं तिघांस शिक्षा करणें कोणाच्याहि हातीं नव्हतें. चौथ्यास ती होऊन चुकली होती.

जें दिसतें तें वांकडें दिसलें तर दोष कोठें शोधावा, हा प्रश्न आपल्याकडे नवीन नाहीं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत, असलेली वस्तु न दिसण्याचीं आठ कारणें मोजून ठेविलीं आहेत: वस्तु फार दूर असणें, फार जवळ असणें, इंद्रिय विकल असणें, मन ठिकाणावर नसणें, वस्तु अति सूक्ष्म असणें, मध्यें आड कांहीं येणें, दुसऱ्या प्रखर वस्तूनें तिला झांकून टाकणें आणि सारख्या वस्तूंत ती मिसळून जाणें. या आठांत कारणें तरी किती ठिकाणचीं आलीं पाहा! कांहीं वस्तूचीं, कांहीं पाहणाराचीं, कांहीं मधल्या जागेचीं. कावीळ झालेल्यास पिवळा दिसणारा शंख आणि नेत्ररोग्यास दिसणारे दोन चंद्र, हे दृष्टान्त तर आमच्या शास्त्रग्रंथांत इतके रुळले आहेत कीं, त्यांतील मर्म आतां आम्हांस जाणवेनासें झालें आहे. मीमांसकांनीं याहून पुढची पायरी गांठली. ज्ञान हें आपण होऊनच प्रमाण आहे. तें खोटें ठरवावयाचें तर एक तर तें ज्या साधनांनीं झालें त्यांत दोष प्रत्यक्ष दाखवावा लागतो, नाहीं तर त्यास बाधणारें दुसरें ज्ञान पुढें आणावें लागतें. केवळ संशय येतो एवढ्यावरून तें खोटें होत नाहीं. न्यायालयांत आरोपीस जें संरक्षण असतें, तेंच हें. आमच्या आचार्यांनीं तें ज्ञानास दिलें; आम्ही तें टोल्यावरच्या मुलास दिलें नाहीं.

पाहणाराचा दोष हा केवळ ग्रंथांतला दोष आहे, असेंहि कोणी समजूं नये. दादासाहेब फाळके यांच्या चरित्रांतील प्रसंग प्रसिद्ध आहे. १९११ च्या सुमारास चित्रपटाच्या ध्यासानें दिवसेंदिवस हलत्या चित्रांकडे टक लावून आणि जागरणें करून त्यांची दृष्टि कांहीं काळ अगदीं गेली होती. उपचारांनीं ती परत आली, म्हणून १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें येऊं शकला. फाळक्यांपुढचा पडदा निर्दोष होता, डोळे सदोष झाले होते. तेव्हां आम्ही डोळ्यांवर घेतलेला संशय अगदींच हास्यास्पद नव्हता. परंतु संशय ही चौकशीची सुरुवात होय, निकाल नव्हे.

ही चौकशी तिसऱ्या दिवशीं झाली. साकोलीहून एक तरुण कारागीर आपल्या मोटारसायकलीवरून आला. तोंडानें फारसा न बोलणारा. स्नेह्यांनीं त्यास मुलाची आणि ओल्या फडक्याची हकीकत सांगण्यास आरंभ केला, तेव्हां तो म्हणाला, "ते मग पाहू, काकाजी. आधी पडदा काय म्हणते ते पाहू." आणि त्यानें जें केलें तें एखाद्या तर्कशास्त्राच्या अध्यापकासहि शोभलें असतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, बाकीच्या होत्या तशा ठेवावयाच्या, आणि पाहावयाचें.

प्रथम त्यानें आम्हां तिघांसहि थरथर दिसते ना, असें विचारलें. दिसत होती, आमचे डोळे सुटले. मग पडदा घरच्या भिंतींतील विजेवरून काढून बॅटरीच्या इन्व्हर्टरवर लावला. थरथर कायम; वहिनींचा आरोप गेला. मग संगणकाकडून येणारी केबल नीट दाबून पाहिली, दुसरी लावून पाहिली, शेवटीं अजिबात काढून टाकली. आतां संगणकाचा आणि पडद्याचा संबंधच तुटला होता, आणि पडदा आपल्या पदरचाच, संकेत मिळत नाहीं असा निरोप दाखवीत होता. तो निरोपहि थरथरत होता! म्हणजे बिघाड संगणकांत नाहीं, संगणकाच्या टिपणांत नाहीं. तो पडद्याच्याच पोटांत आहे. कांहीं पडद्यांत उजेड कमी करण्यासाठीं दिवा सेकंदास शेंकडों वेळां विझवून लावतात, त्यानेंहि डोळ्यांस त्रास होतो. म्हणून त्यानें उजेड पूर्ण वाढवून पाहिला. तरीहि फरक नाहीं. पडदा थंड होऊं देऊन त्यानें तो पुन्हा सुरू केला, तेव्हां एकदां तो अगदींच काळा झाला. कारागिरानें खोलींतील दिवा मालवावयास सांगितला आणि विजेरी तिरकी धरून कांचेजवळ नेली. काळ्या पडद्यावर तीं अक्षरें अंधुकपणें दिसत होतीं.

हा क्षण आम्ही विसरणार नाहीं. या पडद्याची रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. आपण ज्यास चित्र म्हणतों तें ज्या थरावर उमटतें, त्यास स्वतःचा उजेड मुळींच नसतो. दोन कांचांच्या मध्यें द्रव-स्फटिकांचा एक पातळ थर असतो. विजेच्या इशाऱ्यानें तो कोठें प्रकाशास वाट देतो, कोठें अडवितो. प्रकाश येतो तो पाठीमागून. स्नेह्यांच्या पडद्यासारख्या जुन्या बनावटींत वरच्या आणि खालच्या कडेस पेन्सिलीहूनहि बारीक अशा कांचेच्या नळ्या असतात. अलीकडे त्यांची जागा एलईडीच्या पट्ट्यांनीं घेतली आहे. नळीचा उजेड एका पारदर्शक पाटींतून आणि दुधी पापुद्र्यांतून सर्वत्र सारखा पसरविलेला असतो. तेव्हां पडदा काळा झाला म्हणजे चित्र गेलें असें नव्हे. चित्र आपल्या जागीं आहे. त्यास दाखविणारा दिवा तेवढा अडखळला आहे. बाहेरून परका उजेड तिरका टाकला तर तें दिसतें.

मग त्यानें विजेपासून पडदा तोडला, आंत सांचलेली वीज ओसरावी म्हणून कांहीं वेळ थांबला आणि पेचकसानें मागची बाजू उघडली. विजेच्या पाटीवर बोटाच्या पेराएवढे चार कपॅसिटर होते. त्यांपैकीं दोहोंचीं सपाट डोकीं फुगून आलीं होतीं. या डबींत एक द्रव असतो. वर्षानुवर्षें उष्णता लागून तो आटत जातो, आणि मग दिव्यांस पोंचणारी वीज संथ न राहतां लाटालाटांनीं पोंचते. डबी गरम झाली कीं तिचें काम जरा सुधारतें. म्हणूनच घटकाभरानें थरथर कमी होत असे. सामान्य हिशोब असा कीं, दहा अंश उष्णता वाढली कीं अशा कपॅसिटरचें आयुष्य निम्म्यावर येतें. ज्या प्रांतांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांस भिडतो, तेथें स्नेह्यांनीं संगणकाचें टेबल पश्चिमेच्या खिडकीशीं, दुपारच्या उन्हांत मांडलें होतें. कां, तर तेथून पिंपळावरचीं पांखरें दिसतात! काळवंडलेल्या कोपऱ्याचें कारण निराळेंच निघालें. खालच्या नळीचें डावें टोंक झिजून काळें पडलें होतें. आणि ओलें फडकें? कारागिरानें पडद्याची खालची कड मुद्दाम उघडून दाखविली. पाणी शिरल्याचा डाग नव्हता, गंज नव्हता. होती ती कोरडी धूळ.

फुगलेले दोन कपॅसिटर काढून त्यानें त्याच मापाचे, अधिक उष्णता सोसणारे नवे झाळले. धन-ऋणाच्या खुणा दोनदां ताडून पाहिल्या, कारण त्या उलट झाल्या तर डबी फुटते. टाकून दिलेल्या तशाच एका पडद्याची नळी त्याजपाशीं होती, ती बसविली. नळींत पारा असतो आणि ती पेटविण्यास हजारांच्या घरांतील व्होल्टांची वीज लागते. तेव्हां वाचकांपैकीं कोणी उत्साहानें हा प्रयोग घरीं करूं नये, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. पडदा सुरू झाला. उजेड स्थिर होता. खालची बाजू वरच्याहून किंचित् पिवळसर दिसत होती. "इतकं राहील, काकाजी," तो म्हणाला. ज्या दोन डब्यांसाठीं सबंध वस्तु टाकाऊ ठरली होती, त्यांची किंमत एका वेळच्या चहाहून फारशी अधिक नव्हती.

यावर चिरंजिवांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तेंहि म्हटलें पाहिजे. जुनी वस्तु दुरुस्त करीत बसणें हेंच सदा शहाणपण, असें आमचें मत नाहीं. नवे पडदे वीज कमी खातात, त्यांत पारा नसतो, आणि कारागिराचा वेळ फुकट नाहीं. परंतु वस्तु टाकावी कीं ठेवावी, हा निर्णय दोष कळल्यानंतरचा आहे. दोष न शोधतांच जो टाकतो, तो काटकसर करीत नाहीं आणि उधळपट्टीहि करीत नाहीं. तो केवळ विचार करण्याचे श्रम चुकवितो. या भागांतील जुन्या मालगुजारी तलावांची कथा हीच आहे. लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणतात. पूर्वीं त्यांची डागडुजी मालगुजारांकडे असे. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि पुष्कळ तलाव गाळानें भरत आले. तलाव आटला तर पावसास बोल लावणारे पुष्कळ. गाळ किती सांचला हें काठी घालून पाहणारे थोडे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. स्नेह्यांनीं मुलावर संशय घेतला, हा अपराध होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ओल्या फडक्याचें पाणी कडेनें आंत शिरून पडदा बिघडूं शकतो. संशयास जागा होती. अपराध झाला तो पुढच्या पायरीवर. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, तेवढ्यावरून कावळ्यास फांदी मोडणारा ठरविण्यांत आला. पुसणें आधीं, थरथर मागाहून. पण मधल्या आठ दिवसांत ऊन पडलें होतें, वीज येऊन-जाऊन राहिली होती आणि वर्षें तर कधींचींच लोटत आलीं होतीं. त्यांपैकीं कोणाचेंच नांव पुढें आलें नाहीं. मुलाचेंच कां यावें?

याचें उत्तर अप्रिय आहे, परंतु तें दिलें पाहिजे. धानाच्या शेतांत वरच्या बांधीचें पाणी खालच्या बांधींत उतरतें, तसा दोषहि उताराकडे वाहतो. उन्हास शिक्षा करतां येत नाहीं. आपल्याच हातानें खिडकीशीं मांडलेल्या टेबलास दोष द्यावा, तर तो आपल्याच अंगावर येतो. खालीं, उत्तर न देऊं शकणारा असा एकच होता. स्नेही दुष्ट नाहींत. त्यांच्याइतका सज्जन मनुष्य आम्हीं थोडाच पाहिला आहे. आणि म्हणूनच ही गोष्ट लिहिण्याजोगी वाटली. दुर्जनांच्या अन्यायास जगांत कांहीं तरी प्रतिकार असतो. सज्जनांच्या सौम्य शब्दांतील अन्यायास तो सांपडत नाहीं, कारण त्यास अन्याय म्हणण्याचेंच कोणास सुचत नाहीं. 'आतां तूं यावर बसूं नको,' या वाक्यांत कठोर अक्षर एकहि नाहीं. परंतु तें एका मुलाच्या वाट्याचें शिक्षण बंद करून गेलें.

शिवाय वस्तूचा दोष शोधणें सोपें आहे. तिची केबल बदलून पाहतां येते, तिला दुसऱ्या विजेवर लावतां येतें, पाठ उघडून आंत डोकावतां येतें. मनुष्याच्या बाबतींत यांतलें कांहींच करतां येत नाहीं. त्याच्या जागीं दुसरा मनुष्य ठेवून तोच दिवस पुन्हा घडवून पाहण्याची सोय नाहीं. मग न्याय असा कीं, जेथें परीक्षा करण्याचीं साधनें थोडीं, तेथें निकाल देण्याची घाई अधिकच कमी असावी. पण आपण नेमकें उलट वागतों. दोनशें वस्तूंच्या दुकानांत बिघाडाचें कारण शोधण्यास कारागिरास एक दिवस देतों आणि नोकराच्या, मुलाच्या, सुनेच्या शीलाचा निकाल एका वाक्यांत लावतों. माणसाच्या पाठीमागचा दिवा अडखळतो, तेव्हां आंतलें चित्रच गेलें असें आपण धरून चालतों. तिरका उजेड टाकून पाहण्याचे कष्ट घेत नाहीं.

कारागीर गेल्यावर स्नेही बराच वेळ स्थिर पडद्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "लहान मुलाची क्षमा कशी मागतात हो?" शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याच्या या प्रश्नास आम्हीं उत्तर द्यावें अशी आमची योग्यता नव्हती. रात्रीं जेवण झाल्यावर ते विजेरी घेऊन टोल्याकडे निघाले. आम्हीहि बरोबर गेलों. वाट तलावाच्या पाळीवरून होती. पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. वाऱ्यानें पाणी हालत होतें आणि त्यांतील चंद्राचे तुकडे होत होते. वेदान्त्यांचा जलचंद्राचा दृष्टान्त आम्हीं पूर्वीं शेंकडों वेळां वाचला असेल. पाण्याचा कंप चंद्रास लागत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ तोंवर आम्ही घेत आलों होतों. त्या रात्रीं मनांत आलें कीं, पाण्यासहि दोष देण्याचें कारण नाहीं, वारा होता.

टोल्यावर स्नेह्यांनीं मुलाच्या बापासमक्ष सांगितलें, "पडदा उन्हानें बिघडला होता. तुझ्याकडून कांहीं झालें नव्हतें. मी न पाहतां तुला दोष दिला, ही माझी चूक झाली." बाप संकोचून म्हणाला, "राहू द्या जी, गुरुजी." मुलगा मान खालीं घालून उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं, आणि त्यास बोलावयास लावणें बरें झालें नसतें.

वैशाखांत स्नेह्यांचें पत्र आलें. टेबल आतां उत्तरेच्या भिंतीशीं हलविलें आहे. पडदा थरथरत नाहीं. खालची बाजू पिवळसर आहे ती तशीच आहे. मुलगा एकदां येऊन गेला. दारापाशींच बसला, पिंपळावर ओरडणाऱ्या पांखराचें नांव त्यानें सांगितलें आणि स्नेह्यांनीं तें लिहून घेतलें. संगणकास मात्र त्यानें हात लावला नाहीं. पडद्याची दुरुस्ती एका दुपारींत झाली होती. ही दुसरी दुरुस्ती किती दिवस घेईल तें सांगतां येत नाहीं. तिला लागणारा भाग कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. स्नेही तिच्यामागें लागलेले आहेत, एवढें मात्र त्यांच्या पत्रावरून आम्हांस दिसलें.